पाय रिकिबीत, जीव टांगणीला

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं, म्हणून मी घोड्यावर बसायला शिकू लागलो. चालायचं घोड्यानं, पुण्य माझ्या खात्यावर, असा माझा साधा हिशेब होता. तो पहिल्याच आठवड्यात चुकला. क्लास इंग्लिश पद्धतीचा. म्हणजे खोगीर सपाट, पुढे धरायला मूठ नाही, आणि घोडा दुडकी धरू लागला की त्याच्या एका ठेक्याला आपण उठायचं, दुसऱ्याला बसायचं. शाळेत या उठाबशांचे निदान पैसे तरी मोजावे लागत नसत.

आमचे गुरुजी घोडदळातून निवृत्त झालेले दफेदार, मूळचे साताऱ्याकडचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहणं सोडून पायांकडे पाहिलं.

"सायेब, बूट रुंद हाय तुमचा. ही रिकीब बारीक पडतीया. पाय गुतंल. नवी जोडी घ्या."

क्लासात इतर सगळे 'स्टिरप' म्हणत. दफेदार रिकीब म्हणत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द ऐकला की मला उगाच आपली मांड पक्की झाल्यासारखी वाटे.

रिकिबी घ्यायला बायको बरोबर आली. आयुष्यभर चपला-बूट घेऊन तयार झालेली आमची नजर. मी अंगठा दाबून पाहणारा, ती जवळून पैसे देणारी. अरुंद जोडी पाहून मी म्हणालो, "वापरून वापरून सैल होईल." दुकानदारानं ती पोलादाची आहे, एवढंच सांगितलं. तेव्हा बायको म्हणाली, "मग एक नंबर मोठीच घ्या ना, वाढत्या अंगाची." माझं अंग या वयातही वाढतं आहे हे खरं, पण ते पावलांच्या दिशेनं नव्हे.

दफेदारांना फोन लावला. "लई मोठी नको सायेब. आख्खा पाय आरपार जातूया, टाचंपातूर. मग तुमी खाली आन् घोडं फुडं."

शेवटी नियम कळला तो असा: बुटाचा तळवा जिथे सर्वांत रुंद, ते माप घ्यायचं आणि त्यात एक इंच मिळवायचा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मोकळा. बायकोनं पर्समधून शिवणकामाची टेप काढली आणि भर दुकानात माझा बूट मोजला. चार इंच, म्हणजे रिकीब पाच इंची. ब्लाउजच्या मापात अर्धा इंच चुकला की आमच्या शिंप्याचा उद्धार होतो. इथे त्याच अर्ध्या इंचावर नवरा लटकलेला होता, पण ती बरीच शांत दिसली.

माप ठरलं, तरी जात ठरायची होती. मला अॅल्युमिनियमची हलकी जोडी आवडली. हलकं ते आधुनिक, अशी माझी समजूत. फोनवरून तीही मोडीत निघाली. हलकी रिकीब पाय सुटला की नाचत बसते, सापडत नाही. जड पोलादी रिकीब सरळ लोंबते, पाय तिला न बघता शोधतो, आणि आपण पडलो तर ती स्वतःच्याच वजनानं पायातून गळते.

हे 'पडलो तर' मी तोवर मनावर घेतलं नव्हतं. पण दुकानदार जे जे दाखवी, त्यात तेच. एका रिकिबीची बाहेरची बाजूच नव्हती. तिथे रबराचं कडं. पडताना पाय बाहेर ओढला गेला की कडं निसटतं, पाय मोकळा. फार गोड वस्तू. पण ती मुलांसाठी नि हलक्या स्वारांसाठी, कारण एक बाजू उघडी असल्यानं जड माणसाखाली वाकू शकते. दुकानदारानं माझ्याकडे नजर टाकून ती परत कपाटात ठेवली. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

एरवी आपण चप्पल, कुलूप, जावई, सगळं टिकून बसावं म्हणून पारखतो. इथे मी पदरचे पैसे मोजून आपल्याला वेळेवर सोडून देईल अशी वस्तू शोधत होतो. खोगिराला रिकिबीचा पट्टा जिथे अडकवतात, त्या सळईचं टोकसुद्धा उघडं ठेवायचं असतं. रिकिबीनं दगा दिलाच, तर अख्खा पट्टा मागे सरकून निघावा म्हणून.

रिकिबीचा इतिहास पाहावा, तर चीनमध्ये चांगशाला इ.स. ३०२ च्या थडग्यात मातीचे घोडेस्वार सापडले. त्यांच्या घोड्यांना रिकीब एकच, डाव्या बाजूला, नुसती चढण्यापुरती. उतरण्याचा विचार तेव्हाही नंतरच केलेला दिसतो. पुढे लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं १९६२ साली असं मांडलं, की युरोपातली सरंजामशाही रिकिबीमुळे आली. इतर इतिहासकार त्याच्यावर तुटून पडले. मी मात्र त्याच्या बाजूचा आहे. पाच इंची जोडी पायात आली, आणि मी घरी चहा मागताना आवाज चढवू लागलो.

दुकानातून शेवटी घेतली ती जोडी वाकड्या दांडीची. बाहेरची दांडी पुढच्या अंगाला बाक घेतलेली, म्हणजे पडताना पाय अडकत नाही. पहिल्या दिवशी मी डावी-उजवी उलटी लावली. बाक आतल्या बाजूला आले. दफेदारांनी काही न बोलता बदलली. चपला उलट्या घातलेल्या पोराला बालवाडीच्या बाई बदलून देतात, तशी.

मग घोडामैदान जवळच होतं. सोमवारी सकाळी कुठूनसा प्लास्टिकचा कागद उडत आला, घोडा डावीकडे गेला, मी उजवीकडे. वाळूत आडवा पडून पाहिलं: दोन्ही पाय माझ्याजवळच होते. घोडा थोडा पुढे जाऊन उभा, नव्या रिकिबी त्याच्या पोटाशी सरळ लोंबत होत्या.

दफेदार धावत आले. माझ्याजवळून पुढे गेले, घोड्यापाशी थांबले, रिकीब हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिली.

"झकास," ते म्हणाले, "पैसं वसूल झालं बगा सायेब."