पान एकटंच होतं, साहेब

आमच्या पुतण्याने मला झोप लागावी म्हणून तेलाची एक बाटली मागवली. बाटली करंगळीएवढी, किंमत आमच्या महिन्याच्या वाणसामानाएवढी, आणि खोक्याला आतून मखमल, पूर्वी अंगठीच्या डबीला असायची तशी. "काका, विजया आहे," तो म्हणाला. म्हणजे भांग. मी चपापलो तर म्हणे, "घाबरताय काय? पानांची आहे. पानं लीगल असतात."

मागवण्याआधी एका डॉक्टरांनी फोनवरून माझी तपासणी केली होती. त्यांनी विचारलं, झोप लागत नाही का? मी म्हटलं, नाही. तपासणी संपली. मी चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवेपर्यंत प्रिस्क्रिप्शन आलंसुद्धा. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायला मी नऊ खेपा घातल्या होत्या, पण ते असो.

तर पानं. अमली पदार्थांचा 1985 चा कायदा मी काढून वाचला, झोप नव्हतीच. गांजा म्हणजे काय, ते त्यात लिहिलंय. झाडाचे फुलोऱ्यावर किंवा फळावर आलेले शेंडे म्हणजे गांजा. बिया आणि पानं त्यातून वगळली आहेत. कधी? तर ती शेंड्यांसोबत नसतील तेव्हा.

सोबत नसतील तेव्हा! पानात नशा किती, याची चौकशीच नाही. पान कुणाबरोबर हिंडतं, तेवढं पाहायचं. हे कलम लिहिणारा गृहस्थ नक्की आमच्या सोसायटीच्या कमिटीवर असणार. भाडेकरू पोरगा काय करतो, काय कमावतो, याच्याशी आमच्याकडे कुणाला देणंघेणं नाही. रात्री जिन्यात त्याच्यासोबत कोण होतं, हे मात्र रजिस्टरात चढतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आजीचं म्हणणं थेट कायद्यात जाऊन बसलं. खरं तर हे शब्द 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातून जसेच्या तसे आलेत. म्हणजे आजी आंतरराष्ट्रीय निघाली.

आता पान एकटं होतं हे सिद्ध कसं करायचं, सांगा. मला तो पंचनामा डोळ्यांसमोर दिसतो. 'आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर पान हे रंगाने हिरवे, बांधा सडपातळ, बोटे सात, असे संशयास्पदरीत्या एकटेच मिळून आले. त्यास त्याच्या शेंड्याबाबत विचारपूस केली असता त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली. शेंडा हा अंधाराचा फायदा घेऊन पसार झाला.' बरं, सकाळी पान शेंड्यासोबत होतं आणि दुपारी वेगळं झालं, तर? एकाच पोत्यात दोघं, पण मध्ये प्लॅस्टिकची पिशवी, तर ती सोबत धरायची की शेजार? एस.टी.त शेंडा मागच्या सीटवर आणि पान ड्रायव्हरजवळ, तिकिटं वेगवेगळी, तर? आणि मुळात फुलोरा आलेल्या झाडावर प्रत्येक पान शेंड्यासोबतच असतं हो, जाईल कुठे? म्हणजे तिथे ते गुन्हेगार, आणि खुडलं की त्या क्षणी सज्जन. बरं, हे झाड परवान्याशिवाय लावलं तर 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. आईबाप आत, पोरगं निर्दोष, आणि पोराच्या अर्काची बाटली मखमलीत.

हे झालं दिल्लीचं. आपल्याकडचा 1949 चा दारूबंदीचा कायदा संगतीबिंगतीच्या भानगडीत पडत नाही. पान, बारीक देठ, शेंडे, सगळेच मादक, परवाना दाखवा. तेच पान उज्जैनला सरकारी परवान्याच्या दुकानात फळीवर बसून महाकालाच्या भक्तांना विकलं जातं, कुणी हटकत नाही. बऱ्हाणपूर ओलांडून रावेरच्या बाजूला आलं की त्याची अब्रू गेली. मग माझी बाटली? ती औषध आहे. औषधाचं खातं वेगळं, परवाना वेगळा. पुतण्याला हे सगळं पाठ आहे. तलाठी आणि ग्रामसेवक यांत फरक काय, ते मात्र त्याला अजून सांगावं लागतं.

अमेरिकेने म्हणे शहाणपणा करून नशा मोजायला घेतली. 2018 साली त्यांनी ठरवलं, कोरड्या वजनात 0.3 टक्क्यापर्यंत नशेचा अंश असेल तर ते झाड निर्दोष. दुकानदारांनी काय करावं? गोळीच जड केली. 5 ग्रॅमच्या गोड गोळीत 15 मिलिग्रॅम नशा घातली तरी टक्का 0.3 च राहतो. साखर वाढवा, पुण्य वाढवा. अशा गोळ्या पेट्रोल पंपावर मिळू लागल्या. मग एकेक राज्य जागं झालं आणि ज्याने त्याने आपापला काटा आणला. तिकडे वजन, इकडे संगत. माणूस गुंगतोय किती, हे विचारणारा दोन्हीकडे रजेवर.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण परवा पेपरात तो नेहमीचा फोटो आला. तुरीच्या शेतातून उपटलेली झाडं ओळीने उभी, मागे अधिकारी छाती काढून, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे. आणि कडेला खाली मान घालून एक माणूस. अशी झाडं पानं-काड्या-मुळांच्या मातीसकट काट्यावर चढतात. 1 किलोपर्यंत भरली तर वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, 20 किलोच्या वर गेली तर कमीत कमी 10 वर्षं आणि जामीन जवळजवळ विसरायचा. आणि मग केव्हातरी, पुष्कळ तारखांनंतर, कुणीतरी वकील उठून विचारतो, पानं वेगळी करून वजन केलं होतं का? केलं नव्हतं. म्हणजे ज्या पानाला कायद्याने निर्दोष म्हटलंय त्याच पानाच्या वजनाने माणूस आत कुजतो, आणि त्याच पानाचा अर्क, सुगंध घालून, कुरिअरने मला घरपोच येतो, वर 'आपला अनुभव कळवा' म्हणून मेसेज! फोटोतल्या त्या माणसाचं शेत नसणार, झाडं नसणार, तो नुसता पाणी देत असणार. सालगडी दुसरं काय करतो? त्याला कुणी फोनवरून विचारलं नाही, बाबा, झोप लागत नाही का म्हणून.

बाटली अजून उघडलेली नाही. काल रात्री भिंग घेऊन लेबल वाचत बसलो होतो. 'केवळ पानांपासून' असं तीन ठिकाणी छापलंय, एकदा सोनेरी अक्षरांत. मधोमध सात बोटांचं हिरवं पान, नक्षीदार. आणि चित्र काढणाऱ्याने, बहुधा शोभेसाठी, त्या पानामागून डोकावणारा फुलोऱ्याचा एक इवलासा शेंडा काढलाय.

मी उठून खिडकी लावून घेतली आणि तो नखाने खरवडून काढला.