एल्बोवाला

न्यू जर्सीतल्या आमच्या पहिल्याच हिवाळ्यात तळघरातला पाइप फुटला. तेव्हा जो प्लंबर आला होता, तोच एप्रिलमध्ये चिरंजिवांचा बेसबॉल कोच म्हणून मैदानात उभा दिसला. तळघरात घोटाभर पाण्यात उभं राहून त्याने मला सांगितलं होतं, "गळतंय एल्बोतून, पण दोष एल्बोचा नाही. दोष मागे आहे." मैदानात एका रडवेल्या पोराचं कोपर हातात धरून तो त्याच्या आईला शब्दशः तेच सांगत होता.

पाइपाला काटकोनात वळवणाऱ्या जोडाला एल्बो म्हणतात, हे मला डोंबिवलीपासून ठाऊक होतं. पण पाइपाच्या आणि माणसाच्या एल्बोत फरक न मानणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

अमेरिकेत गावोगावी पोरांचे हे संघ चालवणारे कोच बिनपगारी असतात. दिवसा कोणी विमा विकतो, कोणी दात उपटतो, कोणी नळ दुरुस्त करतो. संध्याकाळी सहाला टोपी चढवली की झाला कोच. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ यांनी लिटल लीग सुरू केली तेव्हापासून हे असंच चाललं आहे. या कोचांत बहुसंख्य लोक स्वतःच्या मुलाला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, करायला आलेले असतात आणि मुलगा मोठा झाला की जातात. आमच्या कोचची मुलं मोठी होऊन टेक्सास आणि ओरेगॉनला निघून गेली. हा मैदानातून निघायचं विसरला.

वय साठीच्या आसपास. एप्रिलच्या बोचऱ्या थंडीत अर्धी चड्डी. पोट इतकं पुढे, की स्वतःच्या बुटांची ख्यालीखुशाली त्याला पोरांकडूनच कळत असावी. उजवा हात पूर्ण सरळ होत नाही आणि खांद्याच्या वर जात नाही, म्हणून टोपी डाव्या हाताने घालतो. लहानपणी तो पिचर होता एवढंच तो सांगतो. त्या काळी लीगमध्ये पोरांच्या डावांवर मर्यादा होती, चेंडूंवर नव्हती. एक डाव नऊ चेंडूंत संपतो, तसा चाळिसातही संपत नाही. चेंडू मोजायचा नियम लिटल लीगला २००७ साली सुचला. तोवर याचं कोपर कायमचं वाकून बसलं होतं.

त्याच्या डाव्या मुठीत चेंडू मोजायचं एक छोटं यंत्र असतं. टक, टक, टक. आपल्याकडे दुकानात नामजपासाठी मिळतं ना, तसलंच. पहिल्या दिवशी माझ्या बायकोला वाटलं, माणूस धार्मिक आहे. तिचं फारसं चुकलं नव्हतं.

चेंडू कसा टाकायचा, हे शिकवायची त्याची पद्धत सर्वस्वी नळकामाची. माउंड नावाच्या मातीच्या उंचवट्यावर तो पोराला उभं करतो आणि विचारतो, "पाणी कुठून येतं?" पोरगं म्हणतं, "नळातून." "चूक! रस्त्याखालच्या मेन लाइनमधून!" मेन लाइन म्हणजे पाय. पायातून जोर कमरेत, कमरेतून छातीत, छातीतून खांद्यात, आणि खांद्यातून कोपरात यायला हवा, तोही ओळीने. पुढचा पाय जमिनीला टेकला की कंबर आधी वळली पाहिजे आणि खांदा तिच्या मागोमाग. पाय टेकेपर्यंत कोपर खांद्याच्या रेषेत वर आलेलं हवं. पाय पोचला आणि हात मागेच रेंगाळला, की उशीर भरून काढायला हात हिसका मारतो आणि तो सगळा हिसका कोपराच्या आतल्या बाजूला बसतो. "पंप एल्बोवर बसवलात तर एल्बो फुटणारच," तो म्हणतो. हसू येतं खरं. पण मोठ्या पिचरचा खांदा चेंडू सोडताना सेकंदाला सुमारे ७,००० अंशांच्या वेगाने फिरतो. पूर्ण फेरे मारायची सोय असती, तर सेकंदाला एकोणीस! पंख्यालाही लाज वाटावी. अकरा वर्षांच्या पोराकडे तो वेग नसतो, पण पोराचं हाडही अजून हाड झालेलं नसतं.

सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात पोरांना घरून टॉवेल आणायला सांगितलं. चेंडूऐवजी टॉवेल धरून पिचिंगची हालचाल करायची आणि समोर गुडघे टेकलेल्या जोडीदाराच्या हातमोज्यावर टॉवेलाचं टोक फटकन वाजवायचं. चेंडू नाही म्हणून कोपराला भार कमी, असं त्याचं म्हणणं. पाऊल लांब पडलं नाही तर टोक पोचत नाही. आमच्याकडून अर्थातच सोलापुरी टॉवेल गेला. बारा पोरं एका रांगेत टॉवेल झटकताहेत हे बघून बायको म्हणाली, "एवढंच असेल तर माझी आजी हॉल ऑफ फेममध्ये हवी होती. वाड्याच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना तिचा आवाज तीन वाड्यांत जायचा."

मे महिन्यात आमचे अण्णा सहा महिन्यांसाठी आले आणि कथेला खरी सुरुवात झाली. अण्णांनी बँकेतली नोकरी सांभाळून मुंबईच्या कांगा लीगमध्ये वीस वर्षं पंचगिरी केली होती; भर पावसाळ्यात, गुडघाभर गवतात. मैदानावर येऊन त्यांनी नातवाचा पहिला चेंडू पाहिला आणि खुर्चीतून ताडकन उठून उजवा हात आडवा केला. "नो बॉल! अरे हा फेकी आहे! सरळ सरळ फेकी!"

दुसरा पिचर आला. "हाही फेकी!"

मी म्हटलं, "अण्णा, इथे सगळेच फेकतात. तोच खेळ आहे."

"पंधरा अंशांपर्यंत चालतं. इथे काटकोन आहे काटकोन!"

कोच विचारपूस करायला आला. हे माझे वडील, अंपायर होते, असं सांगताच त्याने टोपी काढली. अमेरिकन कोच अंपायरसमोर टोपी काढतो ती सहसा जमिनीवर आपटण्यासाठी. याने ती छातीशी धरली. अंपायरच्या निळ्या गणवेशावरून इथे त्याला 'ब्लू' अशी हाक मारतात. अण्णांच्या अंगात निळाच स्वेटर होता. त्या दिवसापासून अण्णा 'ब्लू' झाले आणि अण्णांनी त्याला 'मास्तर' केलं.

दोघांची चर्चा मी लांबून ऐकत असे. आमच्या जलद गोलंदाजांचं कोपर सरळ राहतं, पण कंबरेच्या मणक्याला चीर जाते, असं अण्णांनी सांगितलं तेव्हा मास्तर बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे मेन लाइनच फुटते." मास्तरने सांगितलं की वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो, आणि स्नायूंनी सतत ओढून ओढून कोपराच्या आतल्या बाजूला तो दुखावतो. अण्णांनी मान डोलावली. "कैरी. बाठा धरायच्या आधी सुरी आरपार जाते," ते मला म्हणाले, "सांग त्याला." बाठ्याला इंग्रजीत काय म्हणतात हे मला शेवटपर्यंत आठवलं नाही.

मास्तरचे शत्रू तीन. पहिला म्हणजे वेग मोजायची बंदूक घेऊन जाळीमागे बसणारा बाप. दुसरा, वर्षाचे बारा महिने पोराला तीन संघांतून पिचिंग करायला लावणारा बाप. तिसरा शत्रू म्हणजे हे दोन्ही एकाच देहात असलेला एक गृहस्थ. त्याने एकदा मास्तरला शांतपणे विचारलं, "टॉमी जॉन सर्जरी आधीच करून घेतली तर हात आणखी मजबूत होतो म्हणे?" १९७४ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघातल्या टॉमी जॉनचं डाव्या कोपरातलं लिगामेंट तुटलं. डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्याच उजव्या हातातला स्नायुबंध काढून तिथे ओवला. दीड वर्षाने तो परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याचं नाव शस्त्रक्रियेला चिकटलं आणि लोकांना वाटू लागलं, की हा नवा भाग मूळच्याहून सरस आहे. मास्तरने त्या गृहस्थाला विचारलं, "तुमच्या नव्या घराचा पाइप फुटायच्या आधी मी कापून जोडून देऊ का? मजबूत होईल."

त्याच गृहस्थाने एकदा त्याला खरा पेचात पकडला. "हालचाल अचूक असली की दुखापत होत नाही म्हणता. मग मार्क प्रायरचं काय?" शिकागो कब्जचा मार्क प्रायर. याची पिचिंगची हालचाल म्हणजे पाठ्यपुस्तक, असं सगळे म्हणत. २००३ मध्ये तो गाजला आणि २००६ नंतर मोठ्या लीगमध्ये पुन्हा चेंडू टाकू शकला नाही. हात धडच राहिला नाही. मास्तर लाल झाला. टोपी काढली, घातली. मग मूठ उघडून त्याने ते टकटक यंत्र दाखवलं. "म्हणून हे," एवढंच म्हणाला.

इथे मला त्याचं कोडं उलगडलं. कोन, कंबर, टॉवेल हे सगळं तो मनापासून शिकवतो. पण त्याचा खरा भरवसा या यंत्रावर आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांच्या पाहणीचा एक आकडा त्याने प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवला आहे. हात थकलेला असताना नेहमी पिचिंग करणाऱ्या पोरांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा धोका ३६ पट असतो. त्याच संशोधकांच्या अभ्यासात हवेत वळणाऱ्या कर्व्हबॉलमुळे पोरांच्या कोपरावर फास्टबॉलपेक्षा जास्त ताण आढळला नव्हता. हेही त्याला ठाऊक आहे, तरी दाढी येईपर्यंत तो कर्व्ह टाकू देत नाही. का, तर म्हणे, "एक नळ सोडला की पोरं सगळे सोडतात."

सामना संपला की पोरं वाहनांकडे पळतात आणि हा त्यांच्याकडे पाहत उभा राहतो. दप्तर कोणत्या हाताने उचललं? गाडीचं दार कोणत्या हाताने उघडलं? पाण्याची बाटली तोंडाकडे नेली की तोंड बाटलीकडे? दुखतं का विचारलं तर पोरं खोटं बोलतात, पण तहान खोटं बोलत नाही. शंका आली, की कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यावर अंगठा दाबतो. पोरगं कळवळलं तर आईबापाला डॉक्टरकडे पिटाळतो आणि त्या पोराला फळीवर बसवून आइस्क्रीम देतो. आमच्या संघात फळीवर बसायला मारामारी होती.

तर, जूनमधला तो शनिवार. उपांत्य सामना. चिरंजीव माउंडवर आणि सगळं सुतासारखं सरळ चाललेलं. अकरा-बारा वर्षांच्या पोराला दिवसात ८५ चेंडूंची मुभा. पण ६५ पर्यंत टाकले तर तीन दिवस विश्रांती, ६६ झाले की चार. अंतिम सामना बुधवारी. गणित साऱ्या गावाला पाठ होतं. अखेरचा फलंदाज बाद झाला, आम्ही जिंकलो, अधिकृत गुणलेखक म्हणाला, "पासष्ट." जाळीमागे बापलोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

तेवढ्यात अण्णा उठले. पंच असल्यापासून ते चेंडू सहा नाण्यांनी मोजतात. डाव्या खिशातून उजव्या खिशात एकेक रुपया. सहा झाले की कागदावर एक रेघ. त्यांनी कागद पुढे केला. "मास्तर, दहा षटकं पाच चेंडू नव्हेत. अकरा षटकं पूर्ण झाली."

अकरा सक सहासष्ट.

तो जास्तीचा चेंडू कुठला, हेही अण्णांना ठाऊक होतं. चौथ्या डावात फलंदाजाने थांब म्हणून हात वर केला, अंपायरने वेळ दिला, पण तोवर आमच्या पोराच्या हातून चेंडू सुटला होता. तो चेंडू नियमाने झालाच नव्हता. "क्रिकेटमध्येही डेड बॉल धरत नाहीत," अण्णा म्हणाले. "मीही धरला नसता. पण तुम्हीच म्हणता ना, नियम धरो न धरो, हात धरतो म्हणून?"

मी मध्ये पडलो. तो गुन्हा मी कबूल करतो. म्हटलं, "अण्णा, एकाच चेंडूचा तर प्रश्न आहे." गुणलेखक म्हणाला, नियमात पासष्टच. आणि सहासष्ट धरले तरी शेवटचा फलंदाज त्रेसष्टपासूनच उभा होता. चालू फलंदाज पूर्ण करायची सवलत आहे. दोन्ही बाजूंनी आम्ही सुटत होतो. बंदूकवाल्या गृहस्थाने तर मला चक्क टाळी दिली.

मास्तरने अण्णांचा कागद घेतला, अकरा रेघा बोटाने मोजल्या, मुठीतलं यंत्र पाहिलं. त्यावर ६५ होते. त्याने अंगठ्याने ते एकदा दाबलं. टक.

"ब्लूने सांगितलं ना?" तो म्हणाला. "गुरुवारपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही."

बुधवारचा अंतिम सामना आम्ही ११-२ असा हरलो. गुरुवारी सामना नव्हता.