खटका कोणामुळे पडला?

लाइट गेली की मराठी माणूस आधी बाल्कनीत जातो. समोरची इमारतही अंधारात असेल तर तो समाधानाने परत येऊन बसतो. सगळ्यांचीच गेलीय, आपण करायचं काय? पण समोर सगळं लखलखत असलं, की घरात चौकशी आयोग बसतो. "आत्ता कोणी काय लावलं?"

परवा सकाळी गिझर चालू होता, इंडक्शनवर कुकर होता आणि बायको इस्त्री करत होती. तिन्ही गुण्यागोविंदाने चालली होती. तेवढ्यात चिरंजीवांनी मोबाइलचा चार्जर खोचला आणि खट्! "तरी मी म्हणत होते," आई म्हणाली. निकाल लागला.

आता हिशेब बघा. गिझर ३००० वॅटचा, इंडक्शन २०००, इस्त्री १०००. २३० व्होल्टने भागलं की झाले साधारण २६ अँपिअर. आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये हा सगळा संसार १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर, म्हणजे बोर्डातल्या खटक्यावर. पण तो लगेच पडत नाही. आत दोन धातू चिकटवून केलेली पट्टी असते. जादा करंटने ती तापते, हळूहळू वाकते आणि मग खटका सोडते. (शॉर्टसर्किट असेल तर ही वाट न बघता आतला विद्युतचुंबक पापणी लवायच्या आत काम उरकतो.) लग्नातल्या वधूपित्यासारखा एमसीबी बराच वेळ सोसतो आणि शेवटी पापड मागणाऱ्यावर भडकतो. चार्जर हा तो पापड.

आमचे अण्णा किटकॅट फ्यूजच्या काळातले. फ्यूज वारंवार उडायला लागला की तारेचा आणखी एक पदर घालायचा, हा त्यांचा उपाय. घर जळालं नाही ही देवाची कृपा. १९२४ साली जर्मनीतल्या मानहाइमला हूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात फ्यूजच्या जागी बसवायचा खटका तयार झाला. त्यामुळे तार बदलायची कटकट संपली; अण्णांची करमणूकही संपेल, हे कोणाच्या ध्यानात आलं नसावं. परवा त्यांनी खटका अंगठ्याने वर दाबूनच धरला. उपयोग शून्य. अशा वेळी आतली यंत्रणा सुटायची ती सुटतेच, बाहेर अंगठ्याचा मान तेवढा राहतो.

शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "बत्तीसचा टाकून द्या हो, कटकट नको." एमसीबी गिझरसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. वायर तीच ठेवून बत्तीसचा टाकला तर वायर तापत राहणार आणि एमसीबी बघत बसणार. काकांना चहा दिला.

मग मी टॉर्च घेतला, हात पुसले, पायात रबरी चपला घातल्या आणि बोर्डाचा वास घेतला. यावर घरात हशा पिकला, पण जळका वास, काळवंडलेला खटका किंवा पावसाने ओली झालेली भिंत असती, तर मी हात न लावता वायरमनलाच बोलावलं असतं. तसं काही नव्हतं. गिझर, इंडक्शन, इस्त्री, तिन्ही बंद केली आणि पट्टी निवेपर्यंत थांबलो. हे थांबणं आमच्या घराण्यात कोणाला जमत नाही. खटका अर्ध्यावर अडकला होता. असा तो नुसता वर ढकलून बसत नाही. आधी पूर्ण खाली, मग वर. बसला. तो लगेच पुन्हा पडला असता तर जबरदस्ती न करता तसाच सोडला असता. शेजारचा रुंद, 'टी' बटणाचा खटका पडला असता, तर करंट कुठेतरी गळतोय असं समजायचं. तो साधारण ३० मिलीअँपिअरच्या गळतीलाच पडतो आणि तिथे वादविवाद कामाचा नाही.

मग एकेक वस्तू लावत गेलो. गिझर एकटा चालला. तो बंद करून इंडक्शन लावला, इस्त्री लावली, दोन्ही चालली. मी कागदावर बेरीज मांडून आईला दाखवली. चार्जर अर्धा अँपिअरही घेत नाही, हेही दाखवलं. तिने चष्मा लावून सगळं नीट वाचलं.

"हे सगळं खरं," ती म्हणाली, "पण तो खोचायच्या आधी चालू होतं ना?"