शिलाईतले दोन इंच

माझं वजन अकरा किलोंनी उतरलं, ही बातमी सोसायटीत मीच पसरवली. लिफ्टमध्ये उगाच पँट वर ओढायची, पट्ट्याच्या नव्या भोकाशी चाळा करायचा, असा बराच अभिनय झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एकदाचं विचारलं, "काय हो, शुगर निघाली का?"

मग शिंपी. सहा पँटी कमरेत घ्यायला नेल्या, त्याही दुकानात गर्दी असताना. त्याने टेप लावला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कापत नाही साहेब. आत दोन इंच सोडतो."

"कशाला?"

"लागतात."

वजन उतरवताना एक मस्ती असते. आहाराचा सल्ला देणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून मी दोनच वेळा जेवायचो, प्रत्येक जेवणाला 55 मिनिटं मोबाइलवर लावून. 54व्या मिनिटाला लाडू तोंडात टाकायचो आणि याला शिस्त म्हणायचो. तरी काटा खाली जायचा, लोकांना सांगता यायचं. पण उतरलेलं टिकवण्यात सांगण्यासारखं काय आहे? 'या महिन्यात काहीच झालं नाही' असं छाती काढून कोणाला सांगणार?

त्या रिकाम्या महिन्यांत मी स्वतःवर जरा नजर ठेवली. भुकेने मी फारसं खातच नाही, असं दिसलं. मी खातो ते उरलेलं असतं म्हणून.

उरलेल्या अन्नाचा आमच्या घरातला प्रवास पाहण्यासारखा असतो. दुपारी मोठ्या पातेल्यात असलेली आमटी रात्री लहान पातेल्यात येते, सकाळी वाटीत, आणि शेवटी तिच्यावर झाकण म्हणून ठेवलेल्या बशीपेक्षाही ती कमी असते. पण ती टाकायची नसते. भात उरला तर फोडणीचा भात, पोळी उरली तर फोडणीची पोळी, आणि फोडणीची पोळी उरली तर मी. भाकरीचे कुटके होतात, त्यात पुन्हा कांदा, शेंगदाणे, वरून ओंजळभर कोथिंबीर, म्हणजे उरलेलं संपवण्यासाठी मुळापेक्षा जास्त ऐवज खर्ची पडतो. फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यात कधी श्रीखंड नसतं. त्यात चार चमचे मटकीची उसळ असते, आणि श्रीखंडाच्या आशेने झाकण उघडणारा माणूस निराशेच्या भरात ती उसळ संपवतो. हा सापळा कोणी मुद्दाम लावत असेल, असं मला वाटत नाही. पण त्यात दर वेळी सापडतो तो मीच. आणि या सगळ्यावर एक आवाज: "एवढीशीच उरलीय रं, संपवून टाक."

आवाज आईचा. तिच्यावर मी एकदा खेकसलो. "पोट आहे का कचराकुंडी?" असं म्हणालो. ती काही बोलली नाही. टेबलावर सांडलेले भाकरीचे कण बोटाने टिपून तिने तोंडात टाकले, आणि मला फार लाज वाटली.

1972च्या दुष्काळात आई बारा वर्षांची होती, बीड जिल्ह्यात. आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे मिळणारी सुकडी ती पदरात बांधून धाकट्या भावासाठी घरी आणायची. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना फाटायची, असं ती अजून सांगते, आणि सांगताना तळहात आपोआप हलतो. मी पोळी 'सोडली', हे माझ्या तोंडून ऐकताना तिला काय वाटत असेल, हे मी अकरा किलोंच्या हिशेबात कुठे धरलंच नव्हतं.

गंमत म्हणजे माझं शरीर आईच्याच बाजूचं निघालं. 1994 मध्ये लेप्टिन नावाचं संप्रेरक सापडलं. ते चरबीतूनच निघतं; चरबी घटली की तेही घटतं आणि मेंदू समजतो, दुष्काळ पडला. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा चालायची. तिच्यातले 14 जण सहा वर्षांनी पुन्हा तपासले आणि 2016 मध्ये निष्कर्ष आले: बहुतेकांचं बरंचसं वजन परतलं होतं, पण शरीर मात्र बसल्याजागी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमीच जाळत होतं. ढोबळ हिशेबाने चार-पाच पोळ्या रोज वाचवून ठेवायच्या, न जाणो पुन्हा बहात्तर साल आलं तर! शिंप्याला हे टेप लावतानाच कळलं होतं.

आता मी भांडत नाही. पानात आधीच कमी घेतो, ऊन-ऊन खातो, आणि घड्याळ लावत नाही. परवा तर "नको, पोट भरलं" असंही म्हणालो. आईने संशयाने पाहिलं आणि उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली.

रात्री अकराला पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात दिवा. आई पाटावर बसून भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खात होती. मला बघून ओशाळली, मग सरकून जागा केली.

"ये. अर्धी तुझी ठेवलीय."

मी बसलो. शिंप्याने सोडलेल्या दोन इंचांतलं फार तर एक सूत गेलं असेल.