तुमचे चिरंजीव काय खणतात?

ती. सौ. आई,

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. काल तुम्ही विचारलंत, "नोकरी सुटली का त्याची? लोकांची शेतं खणत फिरतो म्हणे!" नोकरी आहे. खणणं फक्त रविवारचं. चहाडी वन्संचीच ना?

धातू शोधायचं यंत्र साडेसहाशे पौंडांचं, म्हणजे सत्तर हजारांच्या वर! तेवढ्यात आपल्या अपशिंग्याच्या विहिरीतला गाळ निघाला असता. त्यात इथे विलायतेत आधी शेतमालकाची परवानगी. संरक्षित गढीबिढीवर सरकारी कागदाशिवाय यंत्र चालवलं तर गुन्हा. आणि ३०० वर्षांपूर्वीचा सोन्याचांदीचा ऐवज निघाला, तर १४ दिवसांत कळवायचं कुणाला? कॉरोनरला! अकस्मात मेलेल्यांची चौकशी करतो, तोच साहेब. सोनं बघून ह्यांची छाती बंद पडली, तर एकाच अर्जात दोन्ही कामं होतील. हसू नका, आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे: दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवा. दहा रुपयांत भेळ तरी येते का आता?

अजून तरी निघतात ती शिशाच्या गोळ्या नि फौजी बटणं, तीही माझ्या पोळपाटाशेजारी मांडतात. गोळी पांढरट पडलेली, आकाराच्या मानाने जड. बटणावरच्या मुकुटाची कमान फुगीर गोल असली तर सहसा १९०१ ते १९५२ मधल्या राजांचं, मधे दबलेली असली तर बहुधा एलिझाबेथ राणीचं. जिवंत काडतूस किंवा बाँब वाटला, तर हात न लावता पोलिसांना फोन. हे देवासमोर वदवून घेतलंय.

आत्याबाई लग्नात रुसल्या म्हणे? त्या रुसल्या नसत्या, तर लग्न लागल्यासारखं वाटलंच नसतं. पार्सल पोचलं. कंदी पेढे मुलांनी संपवले. सांगलीच्या आईने भडंग बांधलेला पेपर मी जाहिरातींसकट वाचला. तिथल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी तीन आठवड्यांपूर्वीची, तरी रात्री झोप येईना.

पहिल्या महायुद्धात आपल्या गावचे ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक तुमच्या वाटेवर. आणि हे इथे परक्यांची बटणं ओळखत बसतात. तेव्हा एक करा. आजोबांच्या ट्रंकेतली काडतुसाची पितळी पुंगळी काढा. चिंच-लिंबू लावू नका, नुसत्या फडक्याने पुसा आणि बुडाचा फोटो पाठवा. 'के' आणि 'एफ' अक्षरं असली, तर ती आपल्या खडकीच्या कारखान्यातली.

तुमची सून