विद्यापीठच येईल घराजवळ

शेवटच्या वर्षाला गेलेल्या मुलाने घराजवळच्या विद्यापीठात बदली मागू नये, असं माझं ठाम मत आहे. मुलगा बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडीसारख्या गावचा आणि शिकायला इंदूरला असेल, तर मत आणखी ठाम. आपल्याकडे विद्यार्थ्याने हलायची गरजच नसते, विद्यापीठं स्वतःहून सरकत येतात. हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या रावेर-यावलची पोरं पुणे विद्यापीठाची पदवी घ्यायची. 15 ऑगस्ट 1990 ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं आणि बाकावरून न उठता सगळी पोरं एकदम घराजवळ आली. बुऱ्हाणपूरची महाविद्यालयं इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाला जोडलेली होती. 2024 मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भिल विद्यापीठ सुरू झालं आणि ती तिकडे गेली. नकाशावर पट्टी ठेवली तर खरगोन इंदूरपेक्षा बरंच जवळ पडतं. खरगोनला रेल्वे नाही, ही गोष्ट वेगळी. एवढं विद्यापीठ उचलून जवळ आणून ठेवल्यावर स्टेशनही मागणं बरं दिसत नाही.

यावर हुशार मुलं लगेच क्रेडिट बँक काढतात. 2021 पासून देशात शैक्षणिक क्रेडिटची बँक आहे, इथे कमावलेलं क्रेडिट तिथे वळतं करता येतं, मग अडलंय कुठे? अडलंय हिशोबात. ज्या विद्यापीठाची पदवी घ्यायची, तिथे निदान निम्मी क्रेडिटं कमवावी लागतात, असं बँकेच्याच नियमात लिहिलंय. तीन वर्षांची पदवी 120 क्रेडिटांची, वर्षाला 40. दोन वर्षं इंदूरला काढली की 80 खात्यात जमा आणि 40 उरली. नव्या विद्यापीठाला हवीत 60. वीस कमी पडली, म्हणजे पुरं अर्धं वर्ष. घराकडे 180 किलोमीटर पुढे यायचं, तर अभ्यासात सहा महिने मागे जायचं. पहिल्या वर्षानंतरच निघालं तर हिशोब बसतो, हे खरं. पण पहिल्या वर्षी इंदूरचे पोहे आणि सराफा नवीन असतात, तेव्हा घर कोणाला आठवतं? आठवण नेमकी साठ क्रेडिट ओलांडल्यावर येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खरगोन कशाला, सरळ जळगावला जावं. बुऱ्हाणपूर स्टेशनवर गाडीत बसलं की रावेर, निंभोरा, सावदा, भुसावळ करत सुमारे 80 किलोमीटरवर जळगाव, आणि सगळीकडे आपलीच भाषा. केळीचे भाव दोन्हीकडे त्याच तळमळीने विचारले जातात. हे सगळं कबूल. पण मध्ये राज्याची हद्द आहे, आणि ती गाडीच्या खिडकीतून दिसत नसली तरी प्रवेशाच्या खिडकीवर लख्ख दिसते. हद्दीच्या अलीकडे, मध्य प्रदेशात, नऊ आकडी समग्र आयडी सांगितला की मुलगा कोण, कुठला, कोणाचा, सगळं उघडतं. पलीकडच्या बाबूला त्या नऊ आकड्यांत फोन नंबरातला एक आकडा कमी दिसतो. मूल निवासी दाखला मध्य प्रदेशचा, म्हणून महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र मिळत नाही. जात तीच असली तरी राखीव जागेचा हक्क हद्द ओलांडत नाही. शिष्यवृत्तीही अलीकडेच राहते. त्यावर टीसी, मायग्रेशन, ना हरकत, दोन्हीकडचे अभ्यासक्रम जुळतात याचा दाखला, आणि हे सगळं वेळेत का आणलं नाही याचं स्टँपपेपरवरचं प्रतिज्ञापत्र. बुऱ्हाणपूरचं सगळ्यात गाजलेलं मायग्रेशन मुमताज महलचं. 1631 च्या जूनमध्ये ती इथे वारली, तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिला दफन केलं, आणि डिसेंबरात तिचं शव आग्र्याकडे निघालं. खुद्द बादशहाचं काम, वर क्रेडिटची अट नाही, तरी सहा महिने गेले. बी.एस्सी.च्या पोराने किती धरावेत?

उरतो मनाचा आक्षेप: खोलीचं भाडं वाचतं, आईच्या हातचं मिळतं, अभ्यास चांगला होतो. पहिली दोन खरी. तिसऱ्याबद्दल मला शंका आहे. इंदूरला असतो तोवर मुलगा विद्यार्थी असतो. सुट्टीत आला की त्याला हाक मारताना थोरले आवाज खाली आणतात, ताटात तूप जास्त पडतं. तोच कायमचा घरी राहायला आला की शेतीची लाइट रात्री येते तेव्हा मोटार चालू करायला कोणाला उठवायचं, हा घरातला जुना प्रश्न सुटतो. केळीची गाडी भरताना घड मोजायला शिकलेलाच माणूस लागतो. पीएम किसानची ई-केवायसी, आत्याचं आधार अपडेट, शेजारच्या काकांचा पीकविम्याचा फॉर्म, अशी सगळी कामं ‘तू घरीच आहेस ना’ या एका वाक्यावर येऊन पडतात. परीक्षेच्या आदल्या दिवशीही पडतात, कारण परीक्षा आता जवळच असते.

मग काय, जन्मभर लांबच राहायचं? मुळीच नाही. पदवी आहे तिथेच पुरी करावी आणि जळगावला जायचंच असेल तर एम.एस्सी.ला जावं. राज्याची हद्द तेव्हाही असेल, पण क्रेडिटांची निम्मी-अर्धी वाटणी नसेल, आणि मागे सुटलेलं अर्धं वर्षही नसेल. फक्त मायग्रेशनचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा. जळगावचे प्रवेश इंदूरच्या शिक्क्यासाठी थांबत नाहीत.