आधी हजेरीवही, मग सल्लागार

वेतन संहिता संसदेत मंजूर झाली 2019 साली आणि अमलात आली 21 नोव्हेंबर 2025 रोजी. मध्ये सहा वर्षं मोकळी मिळाली होती. तेवढ्या काळात भोसरी, चाकण, वाळूज, तळोज्यातल्या किती कारखानदारांनी आपलं पगारपत्रक वेतनाच्या नव्या व्याख्येप्रमाणे एकदा तरी मांडून पाहिलं? आता धावपळ सुरू आहे, आणि सल्लागाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'बेसिक किती दाखवायचं?' हा. इथेच चुकतं. आपल्याकडे माणूस रोज खरोखर किती तास उभा असतो आणि ते तास कुठे लिहिले जातात, हे मालकाने आधी स्वतःला विचारावं.

जादा तासांना दुप्पट दर हा काही नवा नियम नाही. कारखाने अधिनियमाच्या कलम 59 मध्ये तो 1948 पासून होता. तरी शॉपफ्लोअरवर 'सिंगल ओटी' (एकेरी दराचा ओव्हरटाइम) हा शब्द राजरोस चालतो. सिंगल ओटी म्हणजे कामगाराच्या हक्काचा अर्धा पैसा मालकाने ठेवून घेणं. याला मवाळ शब्द शोधू नयेत.

हिशेब करा. महिना 15,600 रुपये वेतन, 26 दिवस, आठ तास. तासाचे 75 रुपये झाले, ओटीचे 150. रोज दोन तास थांबवलं तर महिन्याचे 52 तास, म्हणजे 7,800 रुपये. सिंगल देणारा मालक त्यातले 3,900 कापतो. असे वीस कामगार धरले तर वर्षाला 9 लाख 36 हजार. हा नफा नाही, थकबाकी आहे, आणि ती कधीही दारात येऊ शकते.

पुढचं गणित आणखी अडचणीचं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या ओटीची तिमाही मर्यादा 115 वरून 144 तासांवर न्यायला मंजुरी दिली, तेव्हा उद्योजकांना हायसं वाटलं. पण रोजचे दोनच तास धरले तरी तिमाहीत 156 होतात. वाढीव मर्यादाही ओलांडली जाते. शिवाय ओटीला कामगाराची संमती लागते. 'आज थांबायचं आहे' एवढं फर्मान पुरत नाही. ज्यांचं काम वर्षभर ओटीवरच निघतं, त्यांना माणसं कमी पडत आहेत. त्यांनी भरती करावी.

व्याख्येचं म्हणाल तर ती समजायला सोपी आहे. घरभाडं, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, की वरची रक्कम वेतनात धरली जाते. एकूण 20,000, बेसिक 8,000 आणि भत्ते 12,000 असतील, तर वेतन 10,000 मानलं जाईल. बेसिक खाली दाबून ग्रॅच्युइटी वाचवण्याची युक्ती इथे संपते. सल्लागाराचं खरं काम एवढ्यापुरतंच. एका दुपारी आटोपेल.

हजेरीचं काम मात्र एका दुपारचं नाही. मस्टरवर आठ तास, ओटीची वेगळी कच्ची वही, आणि शनिवारी पाकिटातून रोख पैसे, ही पद्धत अनेक छोट्या युनिटांत मुरलेली आहे. त्यात प्रामाणिक माणसंही आहेत, जी खरोखर दुप्पट देतात, पण रोखीने. माझी खरी काळजी त्यांच्यासाठी आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षं आहे. वेतन कमी दिल्याचा दावा झाला, तर पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. कच्च्या वहीने ते सिद्ध होणार नाही. म्हणून ओटीचा प्रत्येक तास पक्क्या मस्टरवर घ्या, पगाराच्या चिठ्ठीवर वेगळा दाखवा, पैसे बँकेतून द्या. निघून गेलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे, तेव्हा 'पुढच्या सात तारखेला या' हे उत्तरही बंद करा.

'ती ठेकेदाराची माणसं आहेत' ही ढालही फेकून द्या. ठेकेदाराने वेतन बुडवलं, तर आस्थापनेच्या मालकावर ते येतं. दर महिन्याला त्याच्याकडून मस्टर आणि बँकेची नोंद घ्या, मगच त्याचं बिल काढा.

'परवडत नाही' हे उत्तर मला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच क्राउन अ‍ॅल्युमिनियमच्या निकालात सांगून ठेवलंय की किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालण्याचा हक्क नाही. एशियाडच्या बांधकामांवरच्या 1982 च्या निकालात तर किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम वेठबिगारी ठरवलं. ते बरोबरच होतं.

पण छोट्या युनिटाची एक तक्रार खरी आहे, आणि ती कुणी नीट ऐकत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. मोठ्या कंपनीच्या पर्चेस ऑर्डरचा दर मात्र वर्षभर गोठलेला, वर घासाघीस वेगळीच. मधली तफावत शेवटी ओटीच्या पाकिटातून भरली जाते. युनिटवाल्यांनी आपल्या कोटेशनमध्ये विशेष भत्त्याच्या वाढीचं कलम आजच घालावं, आणि एकट्याने नाही, औद्योगिक वसाहतीच्या संघटनेमार्फत एकत्र घालावं. मोठ्या कंपन्यांनी ते कलम खोडू नये. पुरवठादाराकडे ऑडिटला येता तेव्हा यंत्रांसोबत त्याचं ओटीचं मस्टरही तपासा.